सर्व्हर चालू, पडदा बंद

१२ जानेवारी २०२१ रोजी ॲडोबीचा फ्लॅश प्लेअर जगभरात एकदमच थांबला. बिघडला नाही, ठरल्याप्रमाणे थांबला. त्या तारखेनंतर काही दाखवायचं नाही, ही सूचना त्याच्या पोटातच घालून ठेवलेली होती. २०२० संपताना फ्लॅशही संपेल, असं ॲडोबीनं जुलै २०१७मध्येच सांगून टाकलं होतं. तरी ज्यांची धावपळ व्हायची ती झालीच. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये अडकले होते, तेव्हा त्या खात्यानं ते उघडण्यापुरता स्वतःचा ब्राउझरच काढला. ही गंमत बऱ्याच जणांनी वाचली असेल. जुन्या ऑनलाइन खेळांसाठी हळहळणारे लेखही आले.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांची अडचण मात्र बातमीत आली नाही. व्हीएमवेअर कंपनीची व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारी ‘व्हीस्फिअर’ ही प्रणाली ६.० किंवा त्याहून जुन्या आवृत्तीत ज्यांच्याकडे चालू होती, त्यांचे सर्व्हर त्या दिवशीही नीट चालत होते. खातेवह्या उघडत होत्या, ईमेल पोहोचत होते. फक्त हे सर्व्हर ज्या पडद्यावरून सांभाळायचे, तो पडदा फ्लॅशमध्ये लिहिलेला होता आणि तिथे आता करड्या चौकोनाखेरीज काही दिसत नव्हतं. मग कुणी विंडोजवरचा जुना क्लायंट, म्हणजे सर्व्हर सांभाळायचा प्रोग्रॅम, शोधून काढला, कुणी ‘एमएमएस डॉट सीएफजी’ नावाच्या फाइलमध्ये आपल्या सर्व्हरचा पत्ता लिहून फ्लॅशला तेवढ्यापुरतं जिवंत ठेवलं. ही फाइलची युक्ती ॲडोबीनंच ठेवलेली होती. ती वापरायची म्हणजे ब्राउझर जुना ठेवायचा, त्याचं आपोआप होणारं अपडेट बंद करायचं आणि सुरक्षा विभागाच्या नजरेला नजर द्यायची नाही.

क्लायंट सॉफ्टवेअर अपग्रेड करणं हे संगणकाच्या धंद्यात बिनमहत्त्वाचं काम समजतात. सर्व्हर अपग्रेड म्हटलं की बैठका होतात, सह्या घेतल्या जातात. क्लायंटचं काय, नवीन फाइल उतरवायची, चार वेळा ‘नेक्स्ट’ दाबायचं! गेल्या वीस वर्षांत व्हर्च्युअल सर्व्हरच्या जगात घडलं ते याच्या उलट. मोठमोठे अपग्रेड करावे लागले ते पुष्कळदा क्लायंटमुळे. खालचा भाग टिकाऊ निघाला, वरचा सारखा कोसळत राहिला. त्याचं कारण समजायला थोडं मागे जावं लागेल.

*

एका मोठ्या संगणकाचे अनेक काल्पनिक संगणक करायचे, ही कल्पना आयबीएमनं १९६०च्या दशकातच प्रत्यक्षात आणली होती आणि १९७२मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावानं बाजारात आणली होती. पुढे यंत्रं स्वस्त झाली. प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर घेणं परवडू लागलं आणि ती विद्या मागे पडली. १९९७मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एदुआर बुन्यों, स्कॉट डिव्हाइन आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी ‘डिस्को’ नावाच्या प्रयोगाचा शोधनिबंध मांडला आणि तीच कल्पना नव्या यंत्रांसाठी पुन्हा वर काढली. पुढच्याच वर्षी या तिघांनी डायन ग्रीन आणि एलन वाँग यांच्यासोबत व्हीएमवेअर सुरू केली.

२००१मध्ये कंपनीचा ‘ईएसएक्स सर्व्हर’ आला. हा लोखंडी सर्व्हरवर थेट बसतो आणि त्याच्या प्रोसेसरचे, मेमरीचे, डिस्कचे वाटे करून अनेक व्हर्च्युअल मशीन चालवतो. या खालच्या यंत्राला ‘होस्ट’ म्हणतात आणि वरच्या प्रत्येक काल्पनिक यंत्राला ‘व्हीएम’. एरवी दहा-पंधरा यंत्रं बहुतेक वेळ रिकामी फिरत असायची आणि वीज खात असायची. ती सगळी आता एका पेटीत मावू लागली. २००३मध्ये ‘व्हर्च्युअलसेंटर’ आलं. अनेक होस्ट एका जागेवरून सांभाळायचा हा कारभारी, पुढे त्याचं नाव ‘व्हीसेंटर’ झालं. त्याच्याबरोबर ‘व्हीमोशन’ आलं. म्हणजे चालू असलेला व्हीएम न थांबवता एका होस्टवरून दुसऱ्यावर न्यायचा. ज्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं, त्यांनी एका बाजूला ‘पिंग’ची खिडकी उघडी ठेवून पाहिलं आणि एखाद-दुसरं उत्तर चुकल्यावर पुन्हा सुरळीत होताना बघून खुर्ची मागे सरकवली. आज तो प्रकार कुणाच्या खिजगणतीत नाही.

पण व्हीएमला बटण नसतं, पडदा नसतो, केबल नसते. तो चालू करायचा, बंद करायचा, त्याची मेमरी वाढवायची, त्याचा स्नॅपशॉट घ्यायचा, अडकला तर त्याच्या कन्सोलमध्ये डोकवायचं, हे सगळं क्लायंटमधूनच. महापे-रबाळ्याच्या डेटा सेंटरात उभा असलेला होस्ट सांभाळणारा माणूस त्या इमारतीत कधी गेलेला नसतो. हिंजवडीतल्या रात्रपाळीला तर ते यंत्र ओहायोत आहे की फ्रँकफुर्टात, हे होस्टच्या नावातल्या तीन अक्षरांवरून कळतं. या माणसांच्या दृष्टीनं क्लायंट बंद म्हणजे सर्व्हर असून नसल्यासारखा.

आणि क्लायंट हा कायमचा भाडेकरू. होस्ट स्वतःच्या जागेत राहतो. त्याच्या खाली फक्त लोखंड. क्लायंट दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करून असतो: कधी विंडोजच्या, कधी फ्लॅशच्या, कधी ब्राउझरच्या. घरमालकानं एक भिंत हलवली की याचा संसार रस्त्यावर.

*

पहिलं बिऱ्हाड विंडोजवर होतं. सी-शार्प भाषेत लिहिलेला, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर चालणारा ‘व्हीआय क्लायंट’. २००९मध्ये व्हीस्फिअर ४ आल्यावर त्याला ‘व्हीस्फिअर क्लायंट’ म्हणू लागले, पण ॲडमिन मंडळींच्या तोंडी ‘थिक क्लायंट’ किंवा नुसतंच ‘सी-शार्प’. डावीकडे झाड: डेटासेंटर, त्याखाली क्लस्टर, त्याखाली होस्ट, त्याखाली व्हीएम. मध्ये टॅब. खाली ‘रिसेंट टास्क्स’ची पट्टी, तिथे प्रत्येक कामाची टक्केवारी सरकताना दिसे. उजवं क्लिक केलं की हवं ते हाताशी. कामाला झटपट. आजही त्याची आठवण निघाली की लोक हळवे होतात. मला मात्र वाटतं, या हळवेपणात विस्मरणाचा भाग बराच आहे.

कारण या क्लायंटला प्रत्येक व्हीसेंटरशी आपली आवृत्ती जुळवून घ्यावी लागे. लॉग-इन करताना तो समोरच्या सर्व्हरकडून ‘क्लायंट्स डॉट एक्सएमएल’ नावाची छोटी फाइल मागे. तिच्यात लिहिलेलं असे की माझ्याशी बोलायला अमुक आवृत्ती लागेल. ती नसेल तर नवी उतरवायला सांगे. म्हणजे सर्व्हर अपग्रेड झाला की क्लायंट अपग्रेड आलाच, आणि जुने सर्व्हर शिल्लक असतील तर जुना क्लायंटही काढून चालत नसे. पुण्यातून परदेशी ग्राहकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपन्यांत प्रत्येक ग्राहकाची आवृत्ती वेगळी. मधल्या जंप सर्व्हरवर एकाशेजारी एक असे दोन-तीन क्लायंट, त्यांच्यासोबत डॉटनेटच्या आणि ‘व्हिज्युअल जे-शार्प’च्या फाइली. जे-शार्प ही मायक्रोसॉफ्टनंच वाऱ्यावर सोडलेली भाषा, पण क्लायंटला ती लागायची. ४.१ आवृत्तीपासून क्लायंटची फाइल होस्टच्या पोटात ठेवणं बंद झालं. दुवा थेट व्हीएमवेअरच्या संकेतस्थळाकडे जाऊ लागला. बंदिस्त सर्व्हर रूममध्ये इंटरनेट नसतं, हे दुवा देणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. मग पेन ड्राइव्ह, आणि पेन ड्राइव्हला परवानगी नसेल तर सीडी.

घरमालकाचा पहिला मोठा दणका विंडोज ७च्या वेळी बसला. तोवरचा व्हीस्फिअर ४.०चा क्लायंट विंडोज ७वर लॉग-इन करतानाच कोसळे. ‘क्लायंट्स डॉट एक्सएमएल वाचता आली नाही’ असा संदेश आणि त्यामागोमाग डॉटनेटचं लांबलचक वाक्य. उपाय लोकांनीच शोधला. जुन्या डॉटनेटमधली ‘सिस्टम डॉट डीएलएल’ ही फाइल आणायची, क्लायंटच्या फोल्डरमध्ये टाकायची, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालायची आणि ‘डेव्हपाथ’ नावाचं व्हेरिएबल लावायचं. नोव्हेंबर २००९च्या अपडेट १नं हे दुखणं बरं केलं. ज्यांनी तो अपडेट घेतला नव्हता, त्यांना जून २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका डॉटनेट अपडेटनं पुन्हा त्याच जागी आणून सोडलं, आणि तेही विंडोज ७ नसलेल्या यंत्रांवर. २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टनं १,०२४ बिटांपेक्षा लहान आरएसए किल्ली असलेली प्रमाणपत्रं नाकारायला सुरुवात केली. जुन्या काही व्हीएमवेअर सर्व्हरांची प्रमाणपत्रं ५१२ बिटांची होती. एका मंगळवारी विंडोज अपडेट झालं आणि बुधवारी क्लायंट जोडला जाईना. सर्व्हरला कुणी हातही लावलेला नव्हता.

अशा वेळी सल्ला सोपा असतो: अपग्रेड करा. तो ऐकायला लोक का कचरतात, याचंही कारण इतिहासात आहे. १२ ऑगस्ट २००८ची सकाळ या क्षेत्रातले जुने लोक विसरलेले नाहीत. ‘ईएसएक्स ३.५ अपडेट २’ ही ताजी आवृत्ती ज्यांनी तत्परतेनं बसवली होती, त्यांच्याकडे त्या दिवशी बंद असलेले व्हीएम चालूच होईनात. चाचणीच्या काळातली मुदत संपवणारी एक ओळ अंतिम आवृत्तीत तशीच राहून गेली होती. चालू होते ते चालू राहिले; बंद केले ते अडकले. होस्टचं घड्याळ मागे फिरवणं हा तात्पुरता उतारा होता. कंपनीचे प्रमुख पॉल मारिट्झ यांना पदावर येऊन जेमतेम महिना झाला होता आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या दिवशी सुटले ते आळशी लोक. तेव्हापासून ‘पहिला अपडेट येईस्तोवर थांबू’ हे वाक्य या धंद्यात शहाणपणाचं समजतात आणि ते पूर्ण चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही.

*

विंडोजच्या जाचाला कंटाळून कंपनीनं घर बदलायचं ठरवलं. विचार रास्त होता. मॅक आणि लिनक्सवाल्यांना क्लायंट नव्हता. प्रत्येक अपग्रेडला शेकडो टेबलांवर फाइल पोचवावी लागत होती. ब्राउझरमधून चालणारा क्लायंट केला तर अपग्रेड एकाच जागी, सर्व्हरवर. त्यासाठी निवडलं ॲडोबीचं फ्लेक्स, म्हणजे फ्लॅशच. २०११मध्ये व्हीस्फिअर ५.०सोबत त्याची पहिली, अर्धवट आवृत्ती आली. सप्टेंबर २०१२च्या ५.१पासून नवी वैशिष्ट्यं फक्त वेब क्लायंटमध्ये मिळतील असं ठरलं.

आता तारखा बघा. स्टीव्ह जॉब्सचं फ्लॅशला झिडकारणारं जाहीर पत्र एप्रिल २०१०चं. ॲडोबीनं मोबाइलवरचं फ्लॅश थांबवल्याचं आणि फ्लेक्स अपाची फाउंडेशनच्या ओटीत टाकत असल्याचं जाहीर केलं नोव्हेंबर २०११मध्ये. म्हणजे घरमालकानं घर विकायला काढल्यावर दहा महिन्यांनी यांनी आपलं सगळं सामान तिथे हलवलं. हे अज्ञानातून झालं असं म्हणणं सोपं आहे. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरचे निर्णय दोन-तीन वर्षं आधी झालेले असतात आणि २००९-१०मध्ये ब्राउझरात झाड, तक्ते, आलेख, कन्सोल असं सगळं दाखवायला दुसरं भरवशाचं साधन जवळजवळ नव्हतं. तरीही हा निर्णय पुढे आठ वर्षं लाखो माणसांच्या कामात कुसळासारखा टोचत राहिला, हेही खरं.

पहिली तक्रार वेगाची. थिक क्लायंटमध्ये जे क्लिकसरशी होई, त्याला इथे गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागे. ओळखीच्या जागा बदलल्या. दुसरी तक्रार अपुरेपणाची आणि ती जास्त गंभीर. होस्टवर थेट लॉग-इन करायचं तर वेब क्लायंट उपयोगी नाही, कारण तो व्हीसेंटरवर राहतो. होस्टना पॅच लावणारा ‘अपडेट मॅनेजर’ सप्टेंबर २०१५च्या ६.० अपडेट १पर्यंत जुन्या क्लायंटमधूनच चाले. उलट ५.५मध्ये व्हर्च्युअल हार्डवेअरची दहावी आवृत्ती आली आणि त्या व्हीएमच्या सेटिंग जुन्या क्लायंटमधून बदलता येईनात. यातून एक भलतीच कोंडी झाली: खुद्द व्हीसेंटरच्या व्हीएमचं हार्डवेअर कुणी उत्साहानं दहावर नेलं आणि व्हीसेंटर बंद पडलं, की वेब क्लायंट नाही आणि जुना क्लायंट हात लावू देत नाही. एवढा आरडाओरडा झाला की ५.५ अपडेट २मध्ये कंपनीनं जुन्या क्लायंटला त्या सेटिंग मर्यादित प्रमाणात बदलायची मुभा परत दिली.

म्हणजे या काळात दोन्ही क्लायंट ठेवावेच लागत. बरं, वेब क्लायंटला फ्लॅशखेरीज ‘क्लायंट इंटिग्रेशन प्लग-इन’ही लागे, फाइल चढवायला वगैरे. ते ज्या तंत्रावर बेतलेलं होतं, ते क्रोमनं २०१५मध्ये टप्प्याटप्प्यानं काढून टाकलं. एक भाडेकरू, घरमालक तीन.

ऑक्टोबर २०१७मध्ये याचा कळस झाला. फ्लॅशची २७.०.०.१७० ही आवृत्ती क्रोममध्ये आपोआप उतरली आणि वेब क्लायंट उघडताच ‘शॉकवेव्ह फ्लॅश क्रॅश झालं’ ही पट्टी येऊ लागली. उतारा काय, तर आधीची १५९ क्रमांकाची फाइल कुणाच्या तरी जुन्या यंत्रातून मिळवायची आणि नवीच्या जागी ठेवायची. कोट्यवधींचे सर्व्हर सांभाळणारी माणसं सहकाऱ्यांकडे एका फुकट फाइलची मागणी करत होती. ज्याच्या लॅपटॉपवर महिनाभर अपडेट झालेलं नव्हतं, त्याला त्या आठवड्यात भाव आला.

*

सुटका आली ती गाजावाजा न करता. व्हीएमवेअरमध्ये ‘फ्लिंग’ नावाची एक चांगली रीत होती: अभियंत्यांनी केलेले अपुरे प्रयोग लोकांसमोर टाकायचे, हमी काही नाही, वापरून बघा. ऑगस्ट २०१५मध्ये होस्टवर थेट चालणारा एचटीएमएल५ क्लायंट असा फ्लिंग म्हणून आला आणि मार्च २०१६च्या ६.० अपडेट २मध्ये अधिकृत झाला. त्याच मार्चमध्ये व्हीसेंटरसाठीचाही एचटीएमएल५ क्लायंट फ्लिंगमध्ये आला. एक छोटं यंत्र व्हीसेंटरशेजारी उभं करायचं आणि ब्राउझर उघडायचा, प्लग-इन काही नाही. जवळजवळ दर आठवड्याला नवी आवृत्ती निघे, काय जमलं आणि काय बाकी याची यादी तिच्यासोबत असे, आणि पडद्यावरूनच तक्रार पाठवता येई. जमलेलं कमी होतं, पण जे होतं ते पळत होतं. मे २०१६मध्ये सी-शार्प क्लायंट पुढच्या आवृत्तीत नसेल असं कंपनीनं जाहीर केलं, तेव्हा फारसा दंगा झाला नाही, तो या फ्लिंगमुळेच.

मग नोव्हेंबर २०१६च्या ६.५पासून एका व्हीसेंटरवर दोन पत्ते: एकाच्या शेवटी ‘व्हीस्फिअर-क्लायंट’, तो फ्लॅशचा, दुसऱ्याच्या शेवटी नुसतं ‘यूआय’, तो नवा. कुठलं काम कशात होतं, हे तोंडपाठ असणं म्हणजे अनुभव. ऑक्टोबर २०१८च्या ६.७ अपडेट १मध्ये नवा क्लायंट सगळी कामं करू लागला आणि एप्रिल २०२०च्या ७.०मधून फ्लॅश हद्दपार झालं, त्याच्या अंतिम तारखेच्या नऊ महिने आधी. व्हीएमवेअरनं आपल्या बाजूनं वेळ पाळली. अडकले ते ग्राहक.

ते का अडकले? क्लायंट आता वेगळा राहिलाच नव्हता. तो व्हीसेंटरसोबत येतो, त्यामुळे क्लायंट हवा तर व्हीसेंटर बदला. ५.५वरून थेट ६.७वर जाता येत नाही, मध्ये ६.० किंवा ६.५चा मुक्काम करावा लागतो. ६.०वरून थेट ७वरही नाही. व्हीसेंटर विंडोजवर बसवलेलं असेल तर ७मध्ये ती सोयच नाही. कंपनीनं दिलेलं तयार लिनक्स यंत्र, म्हणजे ॲप्लायन्सच घ्यावं लागतं. व्हीसेंटर पुढे गेलं की होस्ट फार मागे ठेवता येत नाहीत. होस्टवर ७ बसवायला जावं तर ‘वेस्टमियर’ पिढीचे इंटेल प्रोसेसर त्यानं वगळलेले आणि लिनक्सच्या धर्तीवरचे जुने ड्रायव्हर काढून टाकलेले, म्हणजे दहा वर्षांचं रेड कार्ड किंवा नेटवर्क कार्ड दिसतच नाही. साखर कारखान्याच्या किंवा नागरी सहकारी बँकेच्या छोट्या सर्व्हर रूममध्ये, जिथे यंत्र मोडेपर्यंत चालवायची रीत आहे, तिथे ‘पडदा उघडत नाही’ या तक्रारीचं उत्तर ‘नवे सर्व्हर घ्या’ असं निघालं तर संचालक मंडळ हसेलच. बॅकअप, स्टोरेज, मॉनिटरिंग यांची प्लग-इन वेगळीच. ती बनवणाऱ्या कंपन्यांनी सी-शार्पसाठी लिहिली, मग फ्लेक्ससाठी, मग एचटीएमएल५साठी; आणि आठव्या आवृत्तीत व्हीसेंटरच्या आत राहणारी प्लग-इनच बंद करून दूरस्थ पद्धत सक्तीची केली.

*

हे अपग्रेड प्रत्यक्षात होतं कसं? वाटतं त्यापेक्षा सज्जनपणे. व्हीसेंटर ॲप्लायन्स जागच्या जागी बदलत नाहीत. पहिल्या टप्प्यात नवं ॲप्लायन्स तात्पुरत्या आयपी पत्त्यावर उभं राहतं. दुसऱ्यात जुन्याचा सगळा डेटा त्यात ओतला जातो, जुनं बंद होतं आणि नवं त्याचं नाव आणि पत्ता घेतं. बिघडलं तर नवं बंद, जुनं चालू. या मधल्या काळात व्हीएम चालूच असतात. एखादा होस्ट मेला तर त्याचे व्हीएम दुसरीकडे उठवणारी ‘एचए’ची यंत्रणाही चालू असते, कारण ती होस्टवरच राहते. थांबतं ते फक्त बघणं, हलवणं आणि भार सारखा वाटणं.

तरीही रात्री दीडला फोन येतात आणि कारणं लाजिरवाणी साधी असतात. डीएनएसमध्ये उलट नोंद नाही. दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांचा फरक. ॲप्लायन्सच्या रूटचा पासवर्ड नव्वद दिवसांनी संपतो आणि तो संपलाय हे अपग्रेडच्या तपासणीतच कळतं. एक मोठा सापळा लॉग-इनसाठी लागणाऱ्या ‘एसटीएस’ प्रमाणपत्राचा: ६.५ अपडेट २ किंवा त्यानंतरची आवृत्ती कोरी बसवली असेल तर काही आवृत्त्यांत त्याची मुदत अवघी दोन वर्षांची, आणि ती संपली की कुणालाच लॉग-इन करता येत नाही. फ्लॅश असो, चाचणीतली विसरलेली ओळ असो की प्रमाणपत्र, या क्षेत्रात यंत्रं झिजून मरतात त्याहून जास्त वेळा तारखेनं मरतात. ५.५ अपडेट ३बीमध्ये जुनं एसएसएल बंद केलं, तेव्हा व्हीसेंटरच्या आधी होस्ट अपग्रेड केलेल्यांचे होस्ट व्हीसेंटरपासून तुटले. आधी व्हीसेंटर, मग होस्ट, मग व्हीएममधले टूल्स, शेवटी व्हर्च्युअल हार्डवेअर. हा क्रम नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट जवळजवळ जागची हलली नाही. क्लायंट सर्व्हरशी ज्या एपीआयमधून बोलतो, तो २००६पासून मूळ सांगाड्यात तोच आहे. त्यामुळे ज्यांनी आपली रोजची कामं ‘पॉवरसीएलआय’ या कमांड-लाइन साधनाच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली होती, त्यांच्यापर्यंत फ्लॅशचा गोंधळ पोहोचलाच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि हजार व्हीएमचे स्नॅपशॉट एका ओळीत. माऊसवाले त्यांना तेव्हा हसत.

*

ब्राउझरात आल्यानं क्लायंटची एक बाजू बदलली, तिकडे आधी फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. थिक क्लायंट ॲडमिनच्या टेबलावर होता. वेब क्लायंट सर्व्हरवर असतो आणि ४४३ पोर्टवर येईल त्याच्याशी बोलतो. २३ फेब्रुवारी २०२१ला, म्हणजे फ्लॅश थांबून बरोबर सहा आठवडे झाले होते तेव्हा, व्हीएमवेअरनं जाहीर केलं की नव्या एचटीएमएल५ क्लायंटच्या एका प्लग-इनमध्ये भगदाड आहे: पोर्टपर्यंत पोचणारा कुणीही, पासवर्डशिवाय, व्हीसेंटरवर हवी ती आज्ञा चालवू शकतो. गांभीर्य दहापैकी ९.८. मेमध्ये दुसऱ्या प्लग-इनमध्ये तसंच आणि तेवढंच. शिवाय ते प्लग-इन मुळात ‘व्हीसॅन’ या स्टोरेज प्रणालीसाठीचं, व्हीसॅन न वापरणाऱ्यांकडेही ते आपोआप चालू असे. ज्यांनी फ्लॅशपासून सुटका म्हणून नवी आवृत्ती नुकतीच बसवली होती, त्यांना लगेच पुन्हा अपग्रेड. फेब्रुवारीच्या त्याच सूचनेत होस्टमधल्या एका सेवेचं दुखणंही होतं. ज्यांनी ते पॅच लावलं नाही, त्यांच्यातल्या हजारो होस्टवर दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३मध्ये, ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं व्हीएमच्या फाइली कुलूपबंद केल्या. सर्वाधिक फटका फ्रान्सला बसला.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा मंत्र तिथे संपला. रिझर्व्ह बँकेनं २०१८मध्येच नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली होती आणि अशा बँका सर्वाधिक महाराष्ट्रातच आहेत. पाठिंबा संपलेल्या सॉफ्टवेअरची यादी ऑडिटर मागतो आणि त्या यादीत ‘व्हीस्फिअर’ दिसलं की पूर्वी हसणारं संचालक मंडळ आता पुढच्या बैठकीची तारीख विचारतं.

याच सुमारास घरमालक आणि भाडेकरूंचा डाव एक पायरी वर सरकला. २२ नोव्हेंबर २०२३ला ब्रॉडकॉम कंपनीनं व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिनाभरात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं. आता वर्गणी भरायची, गठ्ठ्यानं घ्यायचं. जुना कायमचा परवाना असेल तर सॉफ्टवेअर चालवता येतं, पण पाठिंब्याचा करार संपला की नव्या आवृत्त्या बंद. २०२४मध्ये डाउनलोडची पानं ब्रॉडकॉमच्या पोर्टलवर गेली. २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये व्हीसेंटर ज्या पत्त्यावरून स्वतः पॅच आणत असे, तो पत्ता बदलून प्रत्येक ग्राहकाला स्वतःचं टोकन घालावं लागलं. क्लायंट अपग्रेड करायचा म्हणजे आधी करार बघायचा, असा क्रम झाला.

काही जण घर सोडून निघाले. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्स या प्रतिस्पर्धी कंपनीचा क्लायंट पहिल्यापासून ब्राउझरातच आहे आणि २०२४पासून व्हीएमवेअरच्या होस्टवरचे व्हीएम सरळ ओढून घ्यायची सोय त्याच्या त्या पडद्यातच मिळते. छोट्या ठिकाणी ते जमून जातं. जिथे शेकडो होस्ट, बॅकअपची गुंतवणूक आणि हात बसलेली माणसं आहेत, तिथे वर्गणीचा आकडा बघून दात-ओठ खाऊन का होईना, सही होते. स्थलांतराचा खर्च मोजला तर ती सही नेहमीच चुकीची असते असंही नाही.

व्हीस्फिअर ७चा सर्वसाधारण पाठिंबा २ ऑक्टोबर २०२५ला संपला. ८चा ऑक्टोबर २०२७पर्यंत आहे. अमेरिकी ग्राहक थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंत कुठलाही बदल करू देत नाहीत, त्यामुळे सातवर राहिलेली सगळी व्हीसेंटर त्याआधीच्या शनिवार-रविवारांत कोंबली गेली. तिकडच्या चेंज कॅलेंडरवर दिवाळी नसते. हिंजवडीच्या पाळ्यांच्या तक्त्यात लक्ष्मीपूजनाच्या आसपासच्या रात्री कुणी घ्यायच्या, यावर सप्टेंबरातच वाटाघाटी झाल्या. एकट्या राहणाऱ्यांच्या नावावर त्या नेहमीप्रमाणे आल्या आणि बदल्यात त्यांनी ख्रिसमसचा अख्खा आठवडा मागून घेतला.